पुढच्या दोन दातांमधली फट

मंगळवार, ४

आज ३१७ नंबरची कवळी पूर्ण झाली. पॉलिश केली, धुतली, ओल्या कापसात ठेवली आणि मग उगाच दोनदा डबी उघडून पाहिली. इथे आल्यापासून इतकं छान काम माझ्या हातून झालं नव्हतं.

कवळी एका आजींची आहे. रंग जुळवायला म्हणून दवाखान्याच्या चिठ्ठीला त्यांचा जुना फोटो टाचला होता. फोटोत पन्नाशीच्या असतील. तोंडभर हसतायत, आणि वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट. चिठ्ठीत फटीबद्दल अक्षर नाही. मी फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ विचार केला. जन्मभर बिचारी ती फट घेऊन हसली असेल. शाळेत पोरींनी चिडवलं असेल, लग्नाच्या फोटोत ओठ मिटून बसली असेल. म्हटलं, आता तरी. दात असे बसवले की मधून दोरा जायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडून भेट.

मास्तर मागून आले, भिंगातून बघून गेले. "अगदी कॅलेंडरवरचे दात," म्हणाले. मास्तरांनी केलेलं कौतुक हे कौतुकच आहे की नाही, हे कळायला दोन दिवस जातात.

शुक्रवार, ७

परक्या गावात येऊन दहा महिने झाले. खोली ते लॅब पस्तीस मिनिटं चालत, लॅब ते खोली चाळीस, कारण येताना चढ आहे. मधे एक बेकरी, एक चपलांचं दुकान, एक नेहमी बंद असलेलं दुकान. एवढंच मला या शहरातलं माहीत आहे.

लॅबमध्ये आम्ही तिघं एका भाषेचे. प्लास्टरच्या खोलीत भिंगरी. वय सत्तावीस, एका जागी दोन मिनिटं बसली तर आजारी आहे असं समजायचं. मला ताई म्हणते. मग मास्तर, जे सगळ्यांचं काम तपासतात आणि दोन महिन्यांनी निवृत्त होतायत. आणि मी, दात बसवणारी. मेणात दात रोवायचे, हिरडी घडवायची. वीस वर्षं हेच केलंय, तिकडे आणि इकडे.

आज जेवताना भिंगरीनं विचारलं, "ताई, तू बनवलेले दात तोंडात कसे दिसतात?" आपल्याकडे ठसा येतो, डबी जाते. वीस वर्षांत माझा एकही दात मी हसताना पाहिलेला नाही.

रविवार, ९

लेकीचा फोन. अकरा मिनिटं. मागच्या रविवारी चौदा होती.

सतरा वर्षांची आहे. तिचे बाबा गेले तेव्हा अकराची होती. आता परीक्षा संपलीय आणि माझ्या बहिणीकडे, अक्काकडे राहते. मी विचारते जेवलीस का, ती म्हणते हो. मी म्हणते अक्काला मदत करतेस ना, ती म्हणते हो. मग तिचं ते नवीन खूळ सुरू होतं. "आई, फोन जरा खाली धर ना." का गं? "असंच. खोली बघते." मग मी फरशी दाखवत उभी. "आता खिडकीकडे चालत जा. हळू." आईचा चेहरा बघायचा कंटाळा आला की मुलं फरशी बघतात, असं असेल.

आणखी काय काय विचारते. खिडकीतून ऊन कधी येतं? घरमालकीण कजाग आहे का? मी म्हटलं, "तुला काय करायचंय त्या चौकशा? तो वाकडा सुळा दिसतोय बघ हसताना. मी आले की पहिली तार बसवून घेऊ." तिनं तोंड मिटलं. नंतर हळूच म्हणाली, "तू हल्ली फोनवर वेगळीच बोलतेस. सगळ्याला आपलं बरं, बरं. आधी कशी ओरडायचीस."

ओरडले तर फोन अकरावरून पाचावर यायचा. म्हणून मी सांभाळून बोलते. हे तिला कसं सांगू?

अक्का मधे डोकावून म्हणाली, "पोर तुझ्यावरच गेलीय. मनातलं ओठावर येईल तर शपथ." मला तर ती दिवसेंदिवस माझ्यासारखी कमीच वाटते.

गुरुवार, १३

लॅबच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. माझं वर्ष संपत आलं. पुढची दोन वर्षं राहणार का? सोमवारी लेखी उत्तर द्या. काम चांगलं आहे म्हणाल्या. मला बरं वाटलं आणि लगेच रडूही आलं, ते मी बाहेर येईपर्यंत धरून ठेवलं.

आणखी दोन वर्षांनी लेक एकोणीस संपवून विसाव्यात असेल. तेव्हा फोन किती मिनिटांचा होईल?

रात्री "नाही" लिहून टाकलं. तीन ओळी. पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. बरोबर केलं. मुलगी आईला अनोळखी व्हायच्या आत आईनं परत जावं.

शनिवार, १५, दुपारी

बसमध्ये लिहितेय. मास्तर आणि भिंगरीचं रस्त्यावरून भांडण चालू आहे, ते संपेपर्यंत.

शनिवारी लॅब अर्धा दिवस. मालकीणबाई नव्हत्या. अकराला फोन वाजला, मी घेतला. एक म्हातारा आवाज. (त्या इथल्या भाषेत बोलल्या. मी आपल्या भाषेत लिहिते, माझ्या वहीला ती भाषा येत नाही.)

"डबीवर हा नंबर होता म्हणून केला. तीनशे सतरा तुम्हीच केलं का?"

"हो, मीच." माझा आवाज आधीच कौतुक घ्यायला तयार होऊन बसला होता.

"फार सुरेख केलंय हो. बसतंही छान. पण पोरी, ह्यांनी मला ओळखलं नाही."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. नवऱ्याला विसराळूपणाचा आजार आहे, तीन वर्षं. बाकी सगळं विसरले तरी बायको लक्षात होती. या मंगळवारी जुनी कवळी फुटली, बुधवारी तुमची नवी आली, ती घातल्यापासून म्हणतायत, तुम्ही कोण? माझी बायको कुठे गेली? "माझी एक फट होती, पुढे. ती तुमच्याकडून राहिली का?"

राहिली नव्हती. मी मुद्दाम बुजवली होती. हे मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, "अगं, तुला काय माहीत. चांगल्यासाठीच केलंस." ते ऐकून मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

त्यांना दुरुस्ती आजच हवी होती. कारण उद्या, रविवारी, सकाळी साडेआठला गाडी येणार. आजोबांना शुश्रूषागृहात नेणार, कायमचं. "तिथे त्यांना सोडायला बायकोनं जावं. परक्या बाईनं नको."

मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "परत आलेलं काम दवाखान्यातून येतं. चिठ्ठी लागते. दोन आठवडे. आपला संबंध प्लास्टरशी, माणसाच्या तोंडाशी नाही."

"मास्तर, उद्या साडेआठपर्यंत दोन आठवडे होतील का?" भिंगरी.

मास्तरांनी भिंग पुसलं, खिशात घातलं, परत काढून पुसलं. "माझी टोपी कुठंय? ती वस्ती मला पाठ आहे. एकतीस वर्षं आहे मी या गावात."

आणि आम्ही निघालो. ऐनवेळी, एप्रन घालूनच. भिंगरी म्हणाली, मी काय एकटी घरी बसून केस विंचरू? म्हणून तीही.

तर एकतीस वर्षांच्या अनुभवानं मास्तरांनी आम्हाला जिथे उतरवलं तिथे वस्ती नव्हतीच, मोठी बाग होती.

"मास्तर, तुमची वस्ती कुणीतरी चोरली," भिंगरी म्हणाली.

"इथेच होती," मास्तर एका कारंज्याकडे बघत म्हणाले. "मी लॅब आणि घर सोडून फारसा कुठे जात नाही."

आता दुसऱ्या बसमध्ये आहोत. एक गोष्ट लिहून ठेवते: या शहरात नदी आहे. चांगली रुंद, दोन पुलांची. मला दहा महिने माहीत नव्हतं.

शनिवार, रात्री सव्वानऊ, लॅबच्या पायरीवर

पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात मांजरीचा वाडगा. आजींनी दार उघडलं आणि हसल्या, आणि मी माझे दात पाहिले. अगदी सरळ, शुभ्र, एकसारखे. त्या सुरकुत्यांच्या चेहऱ्यात ते असे दिसत होते जणू दुसऱ्याच कुणाच्या घरात चुकून शिरलेत.

आजोबा खिडकीशी. पूर्वी शिंपी होते. हातात एक मोजपट्टी, ती गुंडाळायची, उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. आम्हाला म्हणाले, "बसा. बायको आली की चहा करेल. ह्या बाईंना सांगून उपयोग नाही, त्या नवीन आहेत." आजी मुकाट्यानं चहाला गेल्या.

मी त्यांच्यामागून आत गेले, फट नक्की केवढी होती ते विचारायला. आजींनी काडेपेटीतून एक काडी काढून दिली. "ही बरोब्बर बसायची. लहानपणी पैज लावून दाखवायचे मी." मग म्हणाल्या, "तसं ह्यांना दिसतं कमीच. चेहरा काय, धुरकटच. तरी कसं कळलं कोण जाणे."

मी म्हटलं, कमी दिसलं तरी माणसाला ओळखीचं हसू कळतंच. आणि काडी रुमालात बांधली.

वरची कवळी त्यांनी काढून दिली. उद्यापर्यंत तोंड मिटून राहते, म्हणाल्या. "एवीतेवी माझ्याशी कुणी बोलत नाहीये."

साडेपाचला लॅबवर परत. ठशाची जादा प्रत शेल्फवर होती. पुढचे सहा दात कापून काढले, मेणात पुन्हा रोवले, मधे काडी ठेवून. फट मोठी झाली की बाजूच्या दातांना जागा पुरत नाही, म्हणून प्रत्येकाला जरा घासायचं, जरा तिरकं करायचं. डावीकडचा थोडा पुढे, फोटोत आहे तसा. इतके वाकडे दात मी आयुष्यात इतक्या मन लावून बसवले नव्हते. भिंगरीनं साचा ओतला, मास्तरांनी हिरडीचा गुलाबी लगदा भरला, तोंडानं सूचना चालूच. पावणेनऊला साच्याचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला. बहात्तर अंश, नऊ तास. अर्ध्या तासात घट्ट होणारा लगदाही मिळतो, पण तो लवकर पिवळा पडतो. एकदा चुकले. आता उरकून टाकणार नाही.

तर उद्या पावणेसहापर्यंत पाणी आपलं काम करेल. आम्ही काय करायचं? नऊला पहारेकऱ्यानं सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. सहाला उघडतो म्हणाला. मास्तरांची शेवटची बस गेली, आणि सकाळची पहिली सातला. भिंगरी त्याच बाजूला राहते. माझी घरमालकीण रात्रीचे पाहुणे ठेवून घेत नाही. मी म्हटलं, तुम्ही रिक्षा-टॅक्सी करून जा, सकाळी मी एकटी बघते.

भिंगरी म्हणाली, "ताई, झोपायचंच कशाला? इतकं मोठं शहर आहे आणि तू अजून त्यातली बेकरीच पाहिलीस."

मास्तर म्हणाले, माझा गुडघा. मग म्हणाले, नदीकाठ सपाट असतो.

रविवार, पहाटे तीन, कपडे धुण्याच्या दुकानात

रात्रभर उघडं असतं, ऊब असते, बाकं असतात. पण भिंतीवर पाटी: धुणं असणाऱ्यांनीच बसावं. म्हणून आम्ही तिघांनी आमचे एप्रन काढून मशीनमध्ये टाकलेत. दुसऱ्यांदा धुतले जातायत. इतके स्वच्छ एप्रन लॅबमध्ये कुणी पाहिले नसतील.

नदीकाठानं दोन्ही पुलांपर्यंत गेलो. भिंगरीनं बागेतल्या झोपाळ्यावर मास्तरांना बसवलं. ते "नको, नको, अगं पडेन" म्हणत होते आणि पाय मात्र स्वतःच मारत होते. एका चौकात फुलांच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, बादल्याच बादल्या. एका बाईनं मोडलेल्या देठांचा जुडगा भिंगरीच्या हातात दिला, असाच. उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला, पुलाच्या कठड्याला टेकून. मी इतकी हसले की पोटात दुखलं. कशावर, ते आता आठवत नाही. मास्तरांच्या टोपीवर असेल.

मग इथे येऊन बसलो. मशीनची काच गरगर. मी सांगून टाकलं, सोमवारी "नाही" देणार आहे म्हणून.

भिंगरी एका जागी बसून राहिली. बसून राहिली म्हणजे लागलं तिला.

मास्तर म्हणाले, "मी एका वर्षासाठी आलो होतो. मग म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. मग पुढच्या. खोलीत एक खिळा ठोकला नाही एकतीस वर्षांत. जायचंच आहे तर कशाला भिंत खराब करा. आईचा फोटो अजून ट्रंकेत आहे."

"म्हणजे जाऊ ना मी?" मी विचारलं. "तुमच्यासारखं व्हायच्या आत?"

"असं मी कुठे म्हटलं? जा किंवा राहा. माझ्यासारखं अर्धवट राहू नकोस." आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले, किंवा झोपल्यासारखं केलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. तिकडे सकाळ झाली होती. रविवार म्हणून लवकर केला म्हणाली. मी घाबरत उचलला.

"आई? कुठे आहेस तू? ते मागे काय फिरतंय?"

"एप्रन."

"रात्रीचे तीन वाजलेत ना तिथे! कुणाबरोबर आहेस?"

"मैत्रीण आहे. आणि मास्तर."

"आणि फुलं कसली? आई, तू... बाहेर रात्रभर?" आणि हसायलाच लागली. "मावशी, धावत ये, आई उनाडायला लागलीय!" अक्काचा आवाज, काय झालं गं, पडली का ती? भिंगरीनं मान खुपसून हात हलवला. लेकीनं तिला विचारलं, तिथे रात्री एकट्या मुलीनं फिरलं तर चालतं का, बस किती वाजेपर्यंत असते. भिंगरी सांगत बसली. माझ्या आईवर लक्ष ठेवा असं म्हणायचं असेल तिला.

मग दिसलं, की ती ओल्या अंगणात अनवाणी नाचतेय. "आधी पायात चपला घाल!" मी ओरडले. दुकान दणाणलं. "नुकती धुतलेली फरशी आहे, मागच्या वर्षी पाय मोडता मोडता राहिला, अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

ती थांबली. पटकन चपला घातल्या. "आली बाई माझी आई," म्हणाली, आणि नाक ओढलं. सर्दी झाली असणार. सांगितलं होतं.

सदतीस मिनिटं.

रविवार, १६, रात्री

दुपारभर झोपले. आता सकाळचं लिहिते, क्रमानं, नाहीतर विसरेन.

सहाला पहारेकऱ्यानं दार उघडलं. डबा उघडला, साचा फोडला. फट जागेवर होती. मास्तरांनी काडी घालून पाहिली, बरोबर बसली. पॉलिश, पाणी, कापूस, डबी. पावणेसातची ट्राम.

आजी वाटच बघत होत्या. ठेवणीतला कोट घालून, केस विंचरून. कवळी त्यांनीच बसवली, आरशात पाहिलं, फटीवरून जीभ फिरवली. बराच वेळ फिरवत राहिल्या. डोळे भरून आले. मग पुसून बाहेरच्या खोलीत गेल्या, आजोबांसमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. फोटोतल्यासारख्या, तोंडभर.

आजोबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "आपण कोण?"

भिंगरीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. रात्रभर मी काय केलं, तर हे. खाली गाडी आल्याचा हॉर्न वाजला. साडेआठला अजून दहा मिनिटं होती.

आजींचे खांदे उतरले. पण त्या रडल्या नाहीत. खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि नेहमीच्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, "बरं, सोडा ते सगळं. स्वेटर घाला. सकाळी सकाळी सर्दी झाली म्हणजे सगळे मलाच सांगतील."

प्रत्येक 'स'ला त्या फटीतून एक बारीक शीळ येत होती. किटलीत पाणी तापायला लागतं तेव्हा येते तशी, जेमतेम ऐकू येईल एवढी. फोनवर ती नव्हती. काल घरीही नव्हती.

आजोबांच्या हातातली मोजपट्टी थांबली. त्यांनी न बघताच एक हात मागे केला, स्वेटरच्या बाहीसाठी. मग दुसरा. मग बाहीत हात तसाच ठेवून म्हणाले, "कुठे होतीस इतके दिवस?"

आजींनी त्यांचा बाहीतला हात धरला.

"एक बाई आली होती इथे," आजोबा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "चांगली होती तशी. पण तुझ्या चपला घालून फिरत होती."

आणि आजी हसल्या. रडता रडता, मान मागे टाकून, मोठ्यानं. सहाही दात, फटीसकट. माझे दात हसताना मी पहिल्यांदा पाहिले. दिव्याखाली आणि भिंगाखाली ते दिसतात तसे ते नसतातच.

दोघं हात धरून जिना उतरले. तो गाडीचा माणूस घाई करत नव्हता, चांगला होता. आजोबा वाटेत म्हणत होते, कुठे जायचंय? आजी म्हणाल्या, "सांगते सावकाश. मी सोबत आहे." शीळ वाजली की ते मान हलवायचे. दुपारपर्यंत ते पुन्हा विसरतील, हे आजींनाही माहीत असणार. पण बोलत राहता येईल.

बसण्याआधी आजी वळल्या आणि ती मोजपट्टी माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत होते. "ह्यांना आता तिथे लागायची नाही. आणि तुला बाई मोजून काम करायची सवय बरी." तेवढा टोमणा माझा हक्काचा होता.

आम्ही तिघं नदीकाठी बसून केळी खाल्ली. मग घरी आले आणि झोपले.

सोमवार, १७

मालकीणबाईंना कळलं. पाण्याच्या भांड्यावर तासांची नोंद होते, हे मास्तरांनाही आठवलं नाही. मी सगळं सांगितलं, पहिल्या फोटोपासून. मास्तर मधेच म्हणाले, मी परवानगी दिली. भिंगरी म्हणाली, साचा मी ओतला. एकाच वेळी तिघं बोलल्यावर बाईंनी हात वर केला.

"नियम मोडलात," म्हणाल्या. मग दवाखान्याच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, वरच्या चिठ्ठीवर पेनानं एक ओळ वाढवली आणि छापायला द्या म्हणून माझ्याकडे सरकवली. रंग कोणता, आकार कोणता, याच्या खाली त्यांनी लिहिलं होतं: काय बदलायचं नाही?

"आणि तुमचं उत्तर?"

पाकीट पर्समध्ये होतं. हातही घातला. आणि तोंडातून गेलं, "संध्याकाळी देते."

"पाचपर्यंत."

जेवणाच्या सुट्टीत मी चढावरून जवळजवळ धावत खोलीवर गेले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. लेकीच्या त्या फरशीच्या खुळाचं काल रात्री झोपेत काहीतरी मनात आलं होतं, तेवढंच. आजोबांची मोजपट्टी काढली आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत मोजलं. मग माझी खाट मोजली. मग गुडघ्यावर बसून पुन्हा मोजलं. मग कपाट.

लेकीला निरोप पाठवला. दुसरं काही न लिहिता एवढंच: "दुसरी खाट मावेल. कपाट दाराआड सरकवावं लागेल."

तिकडे संध्याकाळ झाली असणार, कुठे बाहेर गेली असेल म्हणून फोन ठेवत होते, तर लगेच उत्तर.

"मावते. नऊ फरश्या लांब, सात रुंद. मी केव्हाच मोजलंय, तीन महिने झाले. मावशीला सगळं माहीत आहे. तिथल्या कॉलेजचा अर्जसुद्धा भरून ठेवलाय. तू कधी विचारतेस याची वाट बघत होते."

मी तिथेच फरशीवर बसले. नऊ गुणिले सात. तीन महिने ती माझ्या खोलीत फिरत होती, आणि मी मिनिटं मोजत होते.

मग तिनं स्वतःच फोन केला. हसत होती, वाकडा सुळा दिसत होता. मी त्याच्याबद्दल काही बोलले नाही. बघत राहिले. छान आहे तो. आधी का दिसलं नाही, कोण जाणे.

"का नाही सांगितलंस गं सरळ?" मी म्हटलं.

"तू परत यायचं म्हणत होतीस ना सारखी. मग मी कुठल्या तोंडानं सांगू, की मला तिकडे यायचंय?"

"मूर्ख आहेस."

"तुझ्यावरच गेलेय म्हणे."

पाचला दहा कमी असताना नवीन पत्र दिलं. दोनच ओळी झाल्या. मालकीणबाईंनी वाचलं, खणात ठेवलं, आणि ३२४ची डबी पुढे केली. कामाला लागले.

कपाट हलवायला उद्या संध्याकाळी भिंगरी येतेय. मास्तरही येतो म्हणाले, गुडघा आहे तरी. जाताना दारात घुटमळले, टोपी हातात फिरवत.

"हातोडी आणू का?"

आणा म्हटलं. आणि दोन खिळे जास्तीचे घ्या, तुमच्या आईच्या फोटोसाठी.

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. जिन्यावरून खाली जाताना शीळ घालत होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.